हणमंतवाडीचं घर आणि लातूरची गाडी

धुकं असं उतरलं होतं की हणमंतवाडीच्या वेशीतला लिंब दिसेना. नुसते त्याच्यावरचे कावळे ऐकू येत होते. येळवस, म्हणजे वेळअमावास्या, उद्यावर आलेली. थंडीनं हातापायाची बोटं वळेनात. वर्षाराणीनं अंधारातच चूल पेटवून आंघोळीचं पाणी ठेवलं, ते तापेपर्यंत दोन भाकरी थापल्या, डब्यात शेंगाची चटणी भरली. मग आंघोळ उरकून कपाळाला भस्म लावलं आणि गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन ती देवळीपुढं बसली. बसली म्हणजे कसली, टेकली. डोळे मिटलेले, पण कान फाट्याकडं. फाटा गावापासून चांगलाच लांब, आणि निलंग्याहून लातूरला जाणारी पहिली गाडी कुणाची वाट बघत थांबत नाही.

लिंगपूजा झाल्याबिगर पाण्याचा घोट घ्यायचा नाही, ही लिंगायत घरातली, तिची माहेरापासूनची रीत. लातुरात त्याची कधी अडचण झाली नव्हती. खोलीपासून लॅब चालत जायच्या अंतरावर. सकाळी निवांत पूजा व्हायची, चहा व्हायचा, वर लेकीची, शिवानीची, वेणीही व्हायची. इथं मात्र रोज देवाला, ‘जरा आवरून घे बाबा,’ असं म्हणायची पाळी आलेली.

हे घर तिचं नव्हतं. सासूच्या भावाचं, सिद्रामप्पा मामांचं. समोर किराणा दुकान, मागं राहतं घर. वर्षाराणी आणि सासू शिवम्मा गेला आठवडाभर इथं मुक्कामाला होत्या, घराच्या प्रश्नाचा निकाल लावायला. लातूरच्या घरमालकानं खोल्या खाली करा म्हणून सांगितलं होतं. त्याला तिथं कॉट टाकून क्लासची पोरं ठेवायची होती. एका संसाराच्या भाड्यात जेवढे येतात त्याच्या कितीतरी पट पोरांकडून येतात, हे आता लातुरात शेंबड्या पोरालाही कळतं. दुसरीकडं खोली बघावी तर तिथंही तेच. आणि इथं हणमंतवाडीत, मामांच्या शेजारी, रामलिंगचं घर विकायला निघालेलं. चार खण, मोठं अंगण, आड, आडाजवळ पेरूचं झाड. रामलिंग पुण्यात कंपनीत, त्याला ते नको झालेलं. किंमत अशी की लातुरात तेवढ्यात कुणी संडासाची जागा देणार नाही.

शिवम्माचा जीव त्या अंगणावर बसला होता. लातूरच्या खोलीत ओल. म्हातारीचा खोकला बारमाही. अमरेश, वर्षाराणीचा नवरा, शिलाईकाम करायचा. त्याची मशीन कुठंही मांडता येत होती. शिवानीला गावात शाळा होती, वर मामांची कालवड होती. राहता राहिली वर्षाराणी. तिची नोकरी लातुरात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, आणि घर चालायचं ते मुख्यत्वे त्याच नोकरीवर.

“आठ दिवस अपडाऊन करून बघ,” अमरेश म्हणाला होता. “जमलं तर येळवशीला रामलिंग येतोय, शब्द देऊन टाकू.”

करून बघ म्हणजे तू करून बघ. तो आणि शिवानी लातुरातच थांबले होते.

“निघाले, अव्वा,” पिशवी खांद्याला अडकवत ती म्हणाली.

शिवम्मा वाकळेतून बोलली, “दमानं जा गं. कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाक, म्हंजे भुंकत न्हाई.”

कुत्रं भुंकलंच. मोबाईलच्या उजेडात चिखल चुकवत, मागं बघत बघत ती फाट्यावर आली तेव्हा गाडीचे दिवे दिसायला लागले होते.

गाडी खचाखच. सणाचा बाजार करायला निघालेली माणसं, त्यांच्या पिशव्या, कुणाचा कोंबडा. दांडीला लोंबकळत उभी असताना मागच्या बाईचं कडं तिच्या गळ्यातल्या शिवदोऱ्यात अडकलं आणि जुना, घामानं विरलेला दोरा तुटला. लिंगाची चांदीची डबी तिनं वरच्यावर झेलली. डबी रुमालात गुंडाळून पिशवीत डब्याखाली ठेवली. संध्याकाळी मामांच्या दुकानात नवा दोरा मिळंल, तोवर राहील, असं मनाला सांगितलं. पण गळा मोकळा मोकळा वाटत राहिला. सारखा तिथं हात जायचा.

लॅबच्या पायऱ्यांवर माणसं बसलेलीच होती. उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं म्हणून चहासुद्धा न घेता आलेली. शटर उघडायला ती धावली ते तिथल्या कोपऱ्याकडं न बघता. त्या कोपऱ्यात याच आठवड्यात एक म्हातारा घेरी येऊन कलंडला होता. साखरेचा पेशंट, पोटात काही नाही, आणि वर्षाराणीची गाडी औशाच्या अलीकडं पंक्चर. शेजारच्या चहावाल्यानं त्याला साखर चारली म्हणून निभावलं. लॅबच्या मॅडम ओरडल्या नाहीत. “वर्षाराणी, पेशंट उपाशी असतात गं,” एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हे तिनं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की अमरेश म्हणणार, रोज थोडीच पंक्चर होतीय.

काम दुपारनंतरही चाललं. सणाच्या आधी सगळ्यांनाच रिपोर्ट हवे. अमरेश शिवानीला घेऊन मोटारसायकलवर दुपारीच हणमंतवाडीला गेला. ती बसस्टँडवर पोचली तेव्हा ऊन कललं होतं आणि स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. येळवशीला लातूर रिकामं होतं. दुकानांना कुलपं लागतात, ज्याला शेत आहे तो शेतात जातो, ज्याला नाही तो शेत असणाऱ्याच्या मागं जातो. अख्खं शहर त्या एका स्टँडातून बाहेर पडायला निघालेलं.

एक गाडी वळण घेऊन आत आली. पाटी निलंग्याची. थांबायच्या आतच माणसं धावली. आठ दिवसांत वर्षाराणी एवढं शिकली होती की दारातून चढून जागा मिळत नाही. आधी खिडकीतून काहीतरी टाकून जागा धरायची, मग चढायचं. तिनं पळत पळत खांद्याची पिशवी काढली आणि उघड्या खिडकीतून सीटवर टाकली. बरोबर पडली. मग ती दाराकडं वळली. दारात माणसांचा असा बोळा बसला होता की आतला बाहेर येईना, बाहेरचा आत जाईना.

“ए बाई, कुठं घुसायलीस? उदगीरची हाय ही!”

“पाटी निलंग्याची हाय की!”

“पाटी येतानाची हाय. फिरवायची राहिली. जादा गाडी हाय, उदगीरला सोडलीय.”

“माझी पिशवी! आत पिशवी हाय माझी!” ती ओरडली, पण तिथं सगळेच ओरडत होते. तिनं खिडकीखालचा पत्रा हातानं बडवला. गाडी हलली. ती काही अंतर सोबत पळाली, चप्पल निघाली, ती घालेपर्यंत गाडी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागलेली.

चौकशीच्या खिडकीवरचा माणूस तिच्याकडं न बघता म्हणाला, “काय होतं पिशवीत?”

“डबा,” ती म्हणाली. मग, “डबा आन्... देव होता.”

त्यानं वर बघितलं. “जादा गाडी हाय, बाई. कंडक्टर कोण दिलाय मलाच ठाऊक न्हाई. उदगीर डेपोला फोन लावतो, पण गाडी पोचल्यावरच काय ते.”

ती खांबाला टेकून उभी राहिली. मोबाईल हातात होता तेवढाच. लिंग गेलं. जुन्या काळी लिंग हरवलं की माणसं जीव द्यायची म्हणे, हे आजी सांगायची तेव्हा ती हसली होती.

“काय झालं, लॅबवाल्या बाई?” शेषेराव काका होते. निलंग्याला राहायचे, लातुरात कुठल्याशा ऑफिसात कारकून. सकाळच्या गाडीत रोज त्याच खिडकीत, कानटोपी घालून. अपडाऊन करणारी सगळी गाडी त्यांना काका म्हणायची.

तिनं सांगितलं. काका कपाळाला हात लावून म्हणाले, “पिशवी टाकली? अगं माय, रुमाल टाकायचा असतो. रुमाल भलत्या गाडीत गेला तर नाक तेवढं पुसायचं राहतंय.”

ती हसेना. तिचे डोळे भरून आलेले बघून काका गडबडले. मोबाईल काढून चष्म्यावरून बघत टाइप करायला लागले. “उदगीर रोडच्या अपडाऊनवाल्यांचा ग्रुप हाय. टाकतो त्याच्यात. रंग कसला पिशवीचा?”

“जांभळा. लॅबचं नाव हाय वर.”

“झालं तर मग. सापडंल. चल, आपली गाडी लागली बघ. मी रुमाल टाकतो.”

तिकीट काकांनीच काढलं. औसा मागं पडलं. खिडकीबाहेर हरभरा अंधारत चालला होता.

“काका, किती वर्षं झाली तुम्हाला असं जाऊन येऊन?”

काकांनी कानटोपी खाली ओढली. “पोरगी रांगत होती तव्हा चालू केलं. म्हणलं घराचं घर हाय, कामून भाडं भरा. आता तिच्या लग्नाला वर्षं झाली. ती चालायला कव्हा लागली, बोलायला कव्हा लागली, आमच्या मंडळीला इचारावं लागतं. मला कुठल्या गावच्या फाट्यावर किती माणसं चढतात ते इचार, सांगतो.” आणि मग स्वतःच हसून, “पण भाडं न्हाई भरलं बघ कव्हा.”

वर्षाराणीचा गळ्यावर हात तसाच होता.

फाट्यावर अमरेश मोटारसायकल घेऊन उभा होता. ऐकून तो हबकला. “लिंग? अन् तू फेकलंस?”

“पिशवी टाकले. जागा धरायला.”

“अव्वाला आज सांगू नको. उद्या सण हाय, मामानं रामलिंगला शेतात जेवायला बोलवलंय. उद्या सगळं नीट पार पडू दे.” थोडं पुढं गेल्यावर, “आठ दिवस झाले की. जमलं ना तसं?”

वाऱ्यात ऐकू आलं नाही असं तिनं दाखवलं.

सांगायची गरजच पडली नाही. ताट वाढल्यावर वर्षाराणी भाकरीला हात लावेना आणि शिवम्माची नजर सुनेच्या मोकळ्या गळ्यावर गेली. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. ओरडेल म्हणून अमरेश दाराकडं सरकला होता. शिवम्मा उठली, भिंतीला धरत देवळीपाशी गेली, आपल्या लिंगाला पाणी घातलं आणि ते तीर्थ वाटीत घेऊन आली.

“एवढं घे. तीर्थावर राहा. लिंग मिळूस्तोर दुसरं काही घेऊ नको म्हणते मी, पण तीर्थाला ना न्हाई.” मग वाटी परत घेताना, “इथं राहायला आलो म्हंजे असली धावाधाव व्हायचीच का गं रोज?”

म्हातारीनं पुन्हा विचारलं नाही. अंगण हातचं जाईल या धाकानं तिनं तो प्रश्न तिथंच मिटवला असावा.

येळवशीचा दिवस चांगला स्वच्छ निघाला. मामांच्या शेतात कडब्याची खोप उभी होती, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, त्यांना चुन्याचं बोट लावलेलं. गाडग्यात अंबील, दुरडीत बाजरीचे वाफवलेले उंडे, सगळ्या भाज्या-शेंगांची पातेलंभर भज्जी, खिचडा. गावातल्या बायका अंबिलीचं पाणी शिंपत शेताला फेरी घालत होत्या. शिवानी कालवडीच्या मागं पळत होती. तिच्या गालावर असा रंग लातुरात कधी आलेला वर्षाराणीनं बघितला नव्हता. पोटात कालपासून तीर्थाखेरीज काही नव्हतं. भज्जीचा वास आला की गरगरायचं. पायऱ्यांवरच्या त्या म्हाताऱ्याला असंच झालं असंल, असं वाटायचं आणि ती नजर दुसरीकडं वळवायची.

रामलिंग आला. पांढरा शर्ट, पायात बूट, मातीत पाय नेटका ठेवत. सिद्रामप्पा मामा त्याला खोपीपाशी घेऊन बसले. मामांच्या तोंडावर सोयरीक जुळवणाऱ्याचा आनंद.

तेवढ्यात मोबाईल वाजला. अनोळखी नंबर.

“लॅबची बाई का गं तू?” म्हातारा, किनरा आवाज. “मी नागम्मा बोलते, नळेगावहून. तुझी पिशवी माझ्यापाशी हाय यव्वा.”

वर्षाराणी गलका टाळून बांधाकडं सरकली.

“काय सांगू बाई, गाडीत उभं राहायला जागा न्हाई, आन् एका सीटवर नुसती पिशवी! सगळे म्हणायलेत, धरलेली जागा हाय, बसू नका, बाई चढायली मागनं. पार गावाबाहेर गाडी आली तरी कुणी बसंना. मग मीच म्हणले, मरू दे, पाय मोडायलेत, बसते आन् पिशवी मांडीवर घेते. कंडक्टर मागत होता, मी न्हाई दिले. ज्याची हाय त्यालाच देईन म्हणले. घरी येऊन उघडून बघितले, तर लिंग!” आवाज एकदम खाली आला. “देवळीत ठिवले बघ. सकाळी माझ्या लिंगाबरोबर त्यालाबी पाणी घातले, बेल वाहिले. उपाशी कसं ठिवावं? आन् तूबी जेवली नसशील म्हणून नातसुनेला म्हणले, पिशवीतल्या चिठ्ठीवर जिचा नंबर हाय तिला आधी फोन लाव.”

“न्हाई जेवले,” वर्षाराणी म्हणाली.

आज बस मिळायची नाही. अमरेशनं मोटारसायकल काढली. निघताना तो मामांना म्हणाला, “रामलिंगला बसवून ठेवा. मी आलो की बोलू.”

पण रामलिंगला सांजच्या आत पुण्याच्या रस्त्याला लागायचं होतं. पंगत उठली, तरी अमरेशचा पत्ता नाही. रामलिंगनं घड्याळ बघितलं, मग मामांकडं, मग वर्षाराणीकडं.

“वहिनी, काय ठरलं तुमचं? मला एक न्हाई तर दुसरं सांगून टाका. गिऱ्हाईक आणखी हायत.”

“अमरेश येतोय की आता,” मामा घाईनं म्हणाले. “हाव म्हणून धरून चाल तू.”

वर्षाराणी अंबिलीच्या गाडग्यापाशी उभी होती. तिनं पदर खोचला.

“घराला नाव ठेवायला जागा न्हाई, भाऊजी. माझंबी मन हाय त्या अंगणात. पण हाव म्हणून नका धरू.”

“अगं, अमरेश...” मामा.

“ते हाव म्हणले तरी अंधारात फाट्यावर मला जायचंय, मामा. आज हाय तर हाय, उद्या पावसाळा हाय, परवा गाडी बंद हाय. तिकडं माणसं उपाशी बसून राहतात माझ्यासाठी. एक जण पडला तिथं पायरीवर. मी सांगितले न्हाई कुणाला.”

शिवम्मा खोपीच्या सावलीत बसली होती. तिनं हातातला उंडा परत दुरडीत ठेवला.

“मग कुठं जायचं म्हणतीस?” ती म्हणाली.

“औशाला खोल्या बघते. तिथनं लातूरला उठल्या बसल्या गाडी हाय.”

“पत्र्याच्या खोल्या. उन्हाळ्यात भाजून निघंल माणूस.”

“निघंल, अव्वा.”

म्हातारीनं तोंड फिरवलं आणि पेरूच्या झाडाकडं बघावं तसं गावाच्या दिशेनं बघत राहिली. मामा उठले, धोतराची माती झटकली. “आम्ही आपले तोंडघशी पडलो,” एवढं बोलून ते रामलिंगला पोचवायला बांधापर्यंत गेले. शिवानी कालवडीच्या गळ्याला हात घालून हे सगळं ऐकत होती.

अमरेश आला तो धुळीनं माखलेला, कंबर धरून. पिशवी तिच्या हातात देत म्हणाला, “काय रस्ता हाय गं. नागम्मानं जेवल्याशिवाय सोडलं न्हाई. रामलिंग कुठाय?”

“गेले. म्या न्हाई म्हणले.”

“मला इचारायचं तरी.”

“तुम्ही मला इचारलं होतं का?”

तो बांधाकडं तरातरा गेला. लांब, रामलिंगची गाडी अजून उभी होती. तिला त्या दोघांचे हात तेवढे दिसत होते, हलणारे, बोलणं नाही. तिला वाटलं, आता हा तिकडं हाव म्हणून येणार. पिशवी छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. रुमालाची गाठही सोडवली नाही.

अमरेश परत आला तेव्हा हळू चालत होता. “त्यानं दुसऱ्याला फोन लावला,” तो म्हणाला. “माझ्यासमोरच.” आणि खाली बसून बुटातली माती झाडायला लागला. बराच वेळ झाडत राहिला. मग मान खालीच ठेवून, “पायरीवर पडलेला माणूस... नीट हाय का आता?”

“हाय.”

ती शेतातल्या आडावर गेली. तोंड हातपाय धुतले, पिशवीतल्या भस्माचं बोट कपाळाला ओढलं. डबी उघडली. आत नागम्मानं वाहिलेलं बेलाचं पान अजून ओलसर होतं. या वेळी तिनं डोळे मिटले ते घाई न करता. मनात तरी कुठं शांत होतं? महिनाअखेर खोल्या खाली करायच्या, औशात कुणी ओळखीचं नाही, अव्वा किती दिवस बोलणार नाही कुणास ठाऊक. पण कान फाट्याकडं गेले नाहीत.

मग गार झालेला उंडा आणि भज्जी ती एकटीच खोपीपाशी बसून जेवली. पोटभर. शेवटी ओंजळीनं पाणी प्याली. पाण्याला आडाचा लोखंडी वास होता. मामी भांडी गोळा करत होती. वर्षाराणीनं तिच्या हातून खिचड्याचं पातेलं घेतलं, त्यात मूठभर माती टाकली आणि बुडाला लागलेली खरपुडी नखानं खरवडत घासायला बसली.